कोळ्याची भीती वाटते? डबा आणि लग्नपत्रिका हाताशी ठेवा

बाथरूमच्या भिंतीवर पाय पसरून बसलेला तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसला की लगेच चप्पल शोधू नका. हा जाळं विणत नाही. रात्री फिरून झुरळं मारतो. हातात दाबला गेला तर चावतो, दुखतंही, पण सहसा त्यापलीकडे काही होत नाही. स्प्रे तर मारूच नका. बिथरून कुठे पळेल याचा नेम नाही, आणि घाबरणाऱ्याला नेमकं तेच नको असतं.

रुंद तोंडाचा पारदर्शक डबा आणि एक जुनी लग्नपत्रिका एकत्र ठेवून द्या. (पत्रिकाच का? जाड, गुळगुळीत, आणि घरात ढिगानं पडलेल्या असतात.) डबा हळूच त्याच्यावर टेकवा, कडेखाली पाय चिरडत नाही ना ते बघा, मग पत्रिका भिंतीलगत सरकवत आत घाला. बाहेर कुंडीमागे सोडून द्या. पोटाखाली पांढरी गोल चकती धरलेली असेल तर ती मादी, आणि चकतीत अंडी. तिला मात्र आजच बाहेर काढा, उद्यावर ढकलू नका.

छताच्या कोपऱ्यातल्या काडीसारख्या पायांच्या कोळ्यांशी तडजोड सोपी: पलंगावरची जाळी काढा, माळ्यावरची राहू द्या. तिन्हीसांजेला खिडकीजवळचा दिवा बंद ठेवला की किडे कमी येतात, मग कोळीही. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे हात घालण्याआधी मात्र एक टिचकी मारा.