पाठशाळेत मुलाला ठेवण्याआधी शाखा विचारा

सोलापुरातून मुलाला वेदपाठशाळेत ठेवणार असाल तर बॅग भरण्याआधी घरातल्या थोरल्यांना विचारा, आपली शाखा कोणती, म्हणजे आपल्या घराण्यात कोणत्या वेदाचा कोणता पाठ चालत आला? मग पाठशाळेत विचारा, तिथं कोणत्या शाखेची संथा देतात, म्हणजे कोणता पाठ तोंडी म्हणवून घेतात? दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढचं वाचा.

थोरल्या मुलाच्या वेळी आम्ही हे विचारलंच नाही. आमचं घर ऋग्वेदी, आश्वलायन सूत्राचं (घरचे विधी ज्या ग्रंथाप्रमाणे होतात ते सूत्र). पाठशाळा शुक्ल यजुर्वेदाची, माध्यंदिन शाखेची. सात महिन्यांनी मुलगा सुट्टीला आला. सासऱ्यांनी त्याला पुरुषसूक्त म्हणायला सांगितलं, त्यानं 'पुरुष'चा उच्चार 'पुरुख' केला आणि ते एकदम गप्प झाले. उच्चार चुकला नव्हता. माध्यंदिन तसाच म्हणतात, स्वरही हातानं दाखवतात. पण परंपरेत आधी स्वशाखा, मग दुसरा वेद. शेवटी पाठशाळा बदलली आणि तोंडात बसलेलं मोडून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नऊ वर्षांचं पोर रात्री रडायचं. चूक त्याची नव्हती, आमची होती.

घरात कुणालाच नक्की आठवत नसेल तर श्रावणी, म्हणजे श्रावणात जानवं बदलण्याचा विधी, कधी करता ते बघा. श्रवण नक्षत्र बघणारे बहुधा ऋग्वेदी, पौर्णिमा धरणारे यजुर्वेदी. यजुर्वेदी निघालात तरी थांबू नका. यजुर्वेद दोन, शुक्ल की कृष्ण? शुक्लातली माध्यंदिन की कृष्णातली तैत्तिरीय शाखा? नुसतं 'यजुर्वेद शिकवतात' एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. फोनवर नको, गुरुजींसमोर बसून विचारा. गोत्र, प्रवर (गोत्रातल्या ऋषींची नावं), सूत्र, शाखा मुलाला पाठ हवं, अभिवादनात ते म्हणावं लागतं. मुंज झालेली हवी. संध्या घरी शिकवणार असाल तर आपल्या शाखेचीच, कारण तीही बदलते.

सामान सांगायला फार नाही. धोतरं, पंचे, जास्तीची जानवी, पळी-पंचपात्री, ताम्हन, आसन. आपली सोलापुरी चादर जाड एकच द्या, दुसरी पातळ. कपडे मुलांनाच धुवावे लागतात आणि भिजलेली जाड चादर लहान मुलाला उचलत नाही.

शेंगाचटणीचा डबा देताना जपा. आपल्या चटणीत लसूण असतोच आणि बहुतेक पाठशाळांत कांदा-लसूण चालत नाही. जिरं घालून वेगळी कुटा, तीही आधी विचारून.

भेटायला रविवार धरून जाऊ नका. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे अनध्याय, म्हणजे पाठ बंद असण्याचे दिवस, तेव्हा जा. संथेत गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा. तुम्ही मध्येच बोलावलंत तर तेवढं त्याचं राहतं आणि बाकीची मुलं पुढे जातात. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत त्याला घरची आठवण येणारच, सुट्टी मिळते का ते आधीच विचारा.

शाळेचं काय, दहावीची परीक्षा कुठून देणार, वेदपाठशाळांसाठीच्या उज्जैनच्या सांदीपनि वेदविद्या प्रतिष्ठान या संस्थेशी पाठशाळा जोडलेली आहे का, हे लेखी घ्या. औषधं, आधारकार्ड, फोटो सोबत द्या. फोन कोणत्या वेळी लावायचा तेही विचारून घ्या.

आणि शाखा. धाकट्याच्या अर्जावर तो रकाना मी सासऱ्यांच्याच हातानं भरून घेतला.