मार्चची वसुली, एक चेक आणि माझी सही

नगरपरिषद राज्यसेवेची निवड यादी लागली की दोन-चार फोन येतातच, "सर, कर निर्धारण (घरपट्टीचं काम) मिळालंय, जॉइन व्हायच्या आधी काय वाचू?" काही नका वाचू. १९६५ चा नगरपरिषद अधिनियम परीक्षेसाठी घोकलाय ना, बास. काउंटरवर कलम कोणी विचारत नाही, "आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, बिलावर अजून त्यांचंच नाव का" हे विचारतात.

माझी पहिली पोस्टिंग मुंबईच्या लोकलच्या पार शेवटच्या टोकाकडची. मूळ गाव छोटं, भोवती टॉवर. इथला माणूस पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला उतरतो, म्हणजे ऑफिसच्या वेळेत तो तुम्हाला भेटणारच नाही, त्यामुळे बिल वाटायला आणि मोजमापाला रविवारी फिरावं लागतं. याची मानसिक तयारी ठेवा, घरच्यांचीही करून ठेवा. बाकी रोजचं काम, म्हणजे आवक-जावक, फेरफार, माहिती अधिकाराचे अर्ज (३० दिवस, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा), सभेआधी नगरसेवकांना हवी असलेली माहिती, हे सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. घाबरू नका.

घाबरायचं ते मार्चला.

मार्चमध्ये रोज संध्याकाळी वसुलीची टक्केवारी वर कळवायची असते. नळ तोडा, गाळे सील करा, थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवा, सगळं त्या एका आकड्यासाठी. आकडा उगाच मागत नाहीत हेही खरंय, पंधराव्या वित्त आयोगाने मालमत्ता कराची वसुली वाढण्याची अटच घातली होती, वसुली नाही तर निधीवर गदा. तर ३१ मार्चला रात्री साडेनऊला एक गाळेवाला १ लाख ८४ हजारांचा चेक घेऊन आला. मी खूश. पावती फाडली, संगणकावर थकबाकी शून्य. २ एप्रिलला तो परत आला, थकबाकी नसल्याचा दाखला पाहिजे म्हणाला. स्क्रीनवर शून्य दिसतंय, शेजारचे सीनियर म्हणाले "दे रे, चालतं," आणि मी सही केली.

इथे नीट वाचा, कारण हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. चेक घेतला की आपल्या सिस्टीममध्ये पावती बनते आणि मागणी, म्हणजे त्याच्याकडून येणं असलेली रक्कम, त्याच क्षणी कमी होते. पैसे मात्र अजून आलेले नसतात! चेक परत आला तर बँकेचा मेमो कर विभागाकडे येत नाही, खातं लेखा विभाग सांभाळतो म्हणून तिकडे जातो. ते त्यांच्या कॅशबुकात नोंद फिरवतात, त्यांचं काम संपलं. तुमच्या मागणी नोंदवहीतली पावती रद्द करायची ती तुम्हीच, आणि तुम्हाला सांगायची जबाबदारी कागदावर कोणाचीच नाही. बँक ताळमेळ, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या खात्याशी जुळवणं, वेळच्या वेळी होत असेल तर तेव्हा सापडतं, आमच्याकडे तो दोन महिने मागे होता.

जूनमध्ये एक माणूस काउंटरवर आला. झेरॉक्सचं दुकान टाकायला तोच गाळा त्याने विकत घेतला होता, नाव लावायचं होतं. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्याने दाखला काढला, खाली माझी सही. त्याच सुमारास ताळमेळाची यादी आली होती, म्हणून सहज नंबर ताडून बघितला आणि हातापायातलं त्राणच गेलं. चेक एप्रिलमध्येच परत आलेला, लेखा विभागाच्या ड्रॉवरमध्ये मेमोला स्टेपल केलेला. आणि घरपट्टीचा बोजा मालमत्तेवर असतो, म्हणजे विकणारा मोकळा आणि हा बिचारा अडकला, कशाच्या भरवशावर तर माझ्या सहीच्या!

चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, ते दिवस कधीच उलटले होते. पॅनेलवरच्या वकीलबाईंनी वाचवलं. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे ३० जूनपर्यंत, तोवर पुन्हा बँकेत टाका, पुन्हा परत आला तर नवीन मेमो आणि नवीन ३० दिवस. १७ जूनला मी स्वतः बाइकवर जाऊन टाकला. परत आला. नोटीस गेली, पैसे भरायला चेक देणाऱ्या जुन्या गाळेवाल्याला १५ दिवस असतात, तेराव्या दिवशी डीडी घेऊन हजर, महिन्याला २ टक्के शास्तीसकट (म्हणजे दंडासकट). मला कारणे दाखवा नोटीस निघाली, खुलासा दिला, लेखी ताकीदीवर निभावलं. "चालतं" म्हणणारे सीनियर त्या आठवड्यात रजेवर होते.

म्हणून सांगतो, गुरू करायचाच तर वसुली लिपिकाला करा. वीस वर्षं दारोदार फिरलेल्या त्या माणसाला कोणाचा चेक वटतो आणि कोणाचा नाही हे तोंडपाठ असतं, मी विचारलं असतं तर त्याने तिथेच अडवलं असतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या तयार टिपण्या जशाच्या तशा उचलू नका, एकाने दुसऱ्याच नगरपरिषदेच्या नावासकट फाइल वर पाठवलेली मी पाहिलीये. बाकी चुका होतात, सगळ्यांच्या होतात, एवढ्यातेवढ्याने नोकरी जात नाही. झोप मात्र जाते.

मी तेव्हा स्वतःच्या पैशाने एक रबरी शिक्का करून घेतला, "धनादेश वटण्याच्या अधीन राहून". चेकच्या प्रत्येक पावतीवर मारतो, आणि चेक खात्यात जमा झाल्याशिवाय दाखल्यावर सही नाही, मग फोन कोणाचाही येवो. झेरॉक्सवाला दरवर्षी एप्रिलमध्येच घरपट्टी ऑनलाइन भरतो, तरी प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी येतो, "साहेब, तुमच्या वहीत चढलं ना, एकदा बघून घ्या."