जुन्या सुरीची मूठ

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात प्लास्टिकच्या मुठीची सुरी स्वस्तात मिळते, पण सासूबाईंच्या सुरीचं पातं त्यात कुठलं! मूठ तेवढी सुधारायची.

आधी पात्याला जाड फडकं गुंडाळून बांधा. मूठ ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २४०चा. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. बारीक भेगेत लाकडाचा भुसा कालवून अराल्डाइट (घट्ट चिकटणारा गोंद) भरा. रिव्हेट, म्हणजे मूठ धरून ठेवणारी धातूची खिळी, ढिला असेल तर तो लोखंडावर टेकवून हलका ठोका. मूठ कुजलीच असेल तर सुतार गाठा.

तेलाचं मात्र नीट ऐका. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, मूठ चिकट होते आणि खवट वास मारते. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल घ्या, इंदुरात अलसीचं म्हणून मागा. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेलं पुसा, वाळलं की पुन्हा. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप तापून पेटतात, पसरून वाळवा.

आणि पोह्यांचा कांदा चिरून झाला की सुरी लगेच धुवून पुसा. सिंकमध्ये भिजत ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.