भेंडी लावण्यापूर्वी बांधावरची रानभेंडी ओळखा

भाद्रपद सरत आला की कोकणात गडग्यांच्या कडेने आणि भातखाचरांच्या बांधांवर रानभेंडी फुललेली दिसते. भातकापणीनंतर वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी ती आताच, फुले आणि कोवळी बोंडे एकाच वेळी झाडावर असताना, ओळखून ठेवावी.

पानावरून निर्णय करू नये, कारण एकाच झाडावर खालची पाने उथळ खंडांची आणि शेंड्याकडची खोलवर कातरलेली असू शकतात. रंगही फसवा आहे. लागवडीची भेंडी, रानभेंडी आणि कस्तुरभेंडी या तिन्हींची फुले पिवळी असून मध्यभागी गडद किरमिजी असतात. खरी खूण पाकळ्यांच्या खाली आहे. कळी उलटी धरून निदलपुंजाखालचे (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या आवरणाखालचे) हिरवे कडे नीट पाहावे. रानभेंडीत या कड्यात बहुधा चार ते सहा, रुंद आणि अंडाकृती पानोळ्या (पानासारखे छोटे हिरवे भाग) असतात, आणि फळ धरल्यानंतरही त्या बोंडाच्या तळाशी टिकून राहतात. लागवडीच्या भेंडीत आणि कस्तुरभेंडीत त्या संख्येने जास्त व अरुंद असतात. लागवडीच्या भेंडीत तर लवकर गळूनही पडतात. कस्तुरभेंडीचे पिकलेले बी चोळल्यास कस्तुरीसारखा वास येतो.

याच कुळातील हॉलिहॉकचे फळ चपटे, चकतीसारखे असते आणि पिकल्यावर त्याच्या फाका सुट्या होतात. रानभेंडीचे केसाळ बोंड मात्र पाच भागांत उकलते. गुलाबी फुलांचा, अंगावरच्या आकड्यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या फळांचा वनभेंडा तर सहज वेगळा काढता येतो.

ओळख पटल्यावर सरसकट उपटणी करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. केवडा या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला प्रतिकारक म्हणून आलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात एका रानटी भेंडीच्या प्रजातीशी संकर करून तयार झाली, हे विसरता येणार नाही. ज्या झाडांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत ती मात्र भेंडी उगवण्यापूर्वीच उपटून नष्ट करावीत, कारण केवड्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये रानटी भेंडी आक्षेपार्ह, म्हणजे तेथे असूच नये असे, तण मानली जाते. म्हणून घरचे बी राखणाऱ्यांनीही प्लॉटच्या आसपासची निरोगी झाडेही प्लॉटमधली भेंडी फुलण्याआधी काढावीत आणि दूरच्या बांधावरची, रानाच्या कडेची तशीच राहू द्यावीत.