घरच्या घरी मेथी-मोहरीचे मायक्रोग्रीन्स
मायक्रोग्रीन्स म्हणजे बी उगवल्यावर लवकरच कापून खायची कोवळी रोपं. बी किचनच्या डब्यातलंच घ्या, औषध लावलेलं बियाणं चुकूनही नको, आपण हे कच्चं खाणार आहोत ना. मेथी रात्रभर भिजवा, मोहरीला गरज नाही. मिठाईच्या प्लास्टिक डब्याला खालून भोकं पाडा, इंचभर ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, वर बी दाट पसरा अन् 2-3 दिवस झाकून ठेवा, मग खिडकीशी उजेडात. पाणी फक्त स्प्रेनं. मुळांवर पांढरी लव दिसली की लोकं बुरशी समजून सगळं फेकून देतात, थांबा बाप्पा, स्प्रे मारल्यावर गायब झाली तर ती मुळांचीच आहे, बुरशीचं जाळं तसंच राहतं अन् कुबट वास येतो. मे महिन्यात नागपुरात पारा 45 ला टेकतो तेव्हा बाल्कनी नकोच, कूलरच्या खोलीत ठेवा. 8-10 दिवसांनी पहिली पानं उघडली की कात्रीनं कापा, तर्री-पोह्यांवर टाकून बघा!