क्लासवर किती जबाबदारी टाकायची? या चुका टाळा

कळंगुटच्या एखाद्या गेस्टहाऊससाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की 'बुकिंग' हा क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा कोडचा भाग) बघता बघता फुगतो. भाडं, जीएसटी, बिलाची पीडीएफ, पाहुण्याला व्हॉट्सॲप, परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत इमिग्रेशनच्या पोर्टलवर पाठवणं, सगळं तिथेच.

तो फोडताना पहिली चूक होते ती मेथड, म्हणजे क्लासमधली एकेक कामं, मोजण्याची. पंधरा मेथडचा क्लास नीट असू शकतो, तीन मेथडचा बिघडलेलाही असू शकतो. विचारायचं ते हे, की उद्या यात बदल करा म्हणून कोण सांगणार? नाताळचे दर मालक ठरवतो. कराचं सीए सांगतो. नोंदीचा फॉर्म सरकार बदलतं. सांगणारे तीन, म्हणून क्लासही तीन.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मात्र गेलं. कराचा क्लास वेगळा असेल आणि तो तारीख विचारून दर देत असेल, तर हा बदल एका फाइलीत आटोपतो. 'बुकिंग'मध्येच १२ चा आकडा ठिकठिकाणी लिहिलेला असेल, तर तो शोधत बसा. वर ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की त्यावर नवा दर!

दुसरी चूक याच्या उलट. प्रत्येक मेथडला स्वतंत्र क्लास, आणि 'बुकिंग' म्हणजे नुसती माहितीची पिशवी. चेक-आउट चेक-इनच्या आधीचा नसावा, हा नियम बुकिंगचाच आहे, तो तिथेच राहू द्या. मला ही चूक जास्त घातक वाटते. मोठा क्लास निदान डोळ्यांसमोर असतो, विखुरलेला नियम आधी हुडकावा लागतो.

भाड्याची टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) लिहायला खोटा ईमेल सर्व्हर उभारावा लागतोय? क्लासच्या नावात 'मॅनेजर' आलंय? मग जबाबदाऱ्या मिसळल्या आहेत. उलट, एका छोट्या बदलासाठी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) दर वेळी त्याच पाच फाइली एकत्र बदलत असतील, तर त्या उगाच तोडल्या आहेत.

ठरत नसेल तर १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी मांडलेली सीआरसी कार्डं वापरा: क्लासचं नाव, जबाबदाऱ्या, सोबती (ज्यांची मदत लागते ते क्लास). छोट्या कार्डावर मावलं नाही की कळतंच.

फोडण्याआधी टेस्ट लिहा, एका वेळी एकच जबाबदारी बाहेर काढा. आणि डिसेंबरच्या सीझनमध्ये हे काम नको, जून-जुलैत खोल्या रिकाम्या असतात तेव्हा करा.