झड लागण्याआधी डेंड्रोबियम ऑर्किडच्या कुंडीतली जुनी नारळाची सोडणं काढा

एक कुंडी उचला. काल पाणी दिलेलं नसतानाही ती हाताला जड लागते का, ते बघा. मग तळाच्या भोकाशी नाक न्या. ओल्या लाकडाचा वास आला तर ठीक. गटारासारखा आंबूस वास आला, तर त्या कुंडीतलं झाड पावसाळा काढणार नाही, आज ते कितीही हिरवंगार दिसत असलं तरी.

पावसात डेंड्रोबियम गेलं की दोष बुरशीला दिला जातो, नाहीतर हवेला, नाहीतर रोपं देणाऱ्याला. मेलेली झाडं कुंडीतून उपटून बघायची मला सवय आहे, आणि आत बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: दोन-तीन वर्षांपूर्वी भरलेली, आता बोटांत चिखलासारखी पिळली जाणारी नारळाची सोडणं. बुरशी नंतर येते. तिच्यासाठी घर आधीच बांधून ठेवलेलं असतं.

अशा कुंडीतलं एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरचं पांढरट आवरण मोज्यासारखं निसटून हातात येतं आणि आत दोऱ्याएवढी बारीक तार उरते. ते आवरण म्हणजेच या झाडाचं तोंड. ते मृत पेशींच्या थरांचं, स्पंजासारखं असतं. पाऊस पडला की क्षणात पाणी ओढतं, वारा लागला की पुन्हा चंदेरी होतं. मूळ भिजलं की हिरवं, सुकलं की चंदेरी, असा तो खेळ चालू राहिला पाहिजे. सतत ओलं राहिलं की आवरण कुजतं आणि झाड पाण्यात बसूनही तहानलेलं राहतं. पानं सुरकुततात, मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी पाणी घालतो. इथेच झाड जातं.

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ओल आहे, पण मातीत हवाही खेळते आहे, ती अवस्था. ऑर्किडच्या मुळांना कायम वाफसा लागतो, फक्त मातीतला नव्हे, हवेतला. डेंड्रोबियम या नावाचा ग्रीक अर्थच 'झाडावर जगणारं' असा आहे. 1799 साली ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हा वंश मांडला. आज त्यात दीड हजाराहून जास्त प्रजाती मोजल्या जातात. हिमालयाच्या उतारांपासून आग्नेय आशिया आणि न्यू गिनीमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत. त्यातल्या बहुतेक सालीला चिकटून, वाऱ्यावर मुळं सोडून राहतात. तिथे धो धो पाऊस पडतो, पण काही तासांत मूळ सुकतं. कुजलेल्या सोडणांत ते आठवडाभर सुकत नाही.

कुंडी कधी बदलायची, याचं पुस्तकातलं उत्तर असं: नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं फुटू लागली, की त्याच आठवड्यात. ते बरोबरच आहे, कारण नवी मुळं नव्या माध्यमात, म्हणजे कुंडीतल्या भरावात, सरळ शिरतात. पण वास येणाऱ्या कुंडीला हा नियम लावत बसू नका. पाऊस तोंडावर आहे आणि कोंबाला मुळं नाहीत म्हणून महिनाभर थांबलेली झाडं मी हातची गेलेली पाहिली आहेत. वास आला की काढा. फुलदांडा असेल तर तो कापून फुलदाणीत लावा.

एक अदमास सांगतो, कुठल्या शिफारशीत सापडणार नाही. सकाळी पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडीच्या कडेची मुळं बघा. अजून हिरवी असतील, तर माध्यमाचं आयुष्य संपलं. माझा हा अंदाज फारसा चुकलेला नाही. सोडणं साधारण दीड ते दोन वर्षं टिकतात, भरावाला वापरतात ते शेवाळ (मॉस) वर्षभर, पण पाणी जास्त देणाऱ्याच्या हाताखाली दोन्ही लवकर बसतात. म्हणून तारखेपेक्षा मुळाचा रंग बघा.

आता बदलण्याचं काम. ते घाईने होत नाही.

कुंडी तासभर पाण्यात ठेवा, चिकटलेली मुळं सैल होतात. झाड बाहेर काढून जुनी सोडणं बोटांनी उकरून टाका, एकही तुकडा ठेवू नका. 'मधला गड्डा तसाच राहू दे, मुळं दुखावतील' असं म्हणून कुजलेला गोळा नव्या कुंडीत बसवतात, तिथे सगळी मेहनत वाया जाते. मग एकेक मूळ दाबा. घट्ट लागलं तर ठेवा. पोकळ लागलं तर कापा. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन्ही विषाणू कात्रीवरच्या रसातून पुढच्या झाडात जातात आणि त्यांच्यावर औषध नाही. वाटे करायचे तर प्रत्येकात तीन-चार कांड्या ठेवा. पानं झडलेल्या जुन्या कांड्याही ठेवा, झाडाचा साठा त्यांच्यात असतो.

कुंडी लहान घ्या. पुढच्या दोन वर्षांचे कोंब मावतील एवढीच. मोठ्या कुंडीच्या मधोमध ओल साठून राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. भरायला लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे घ्या, हे कुजत नाहीत. सोडण हवंच असेल तर त्याचे मोठे तुकडे करा आणि काही दिवस पाणी बदलत भिजवा, म्हणजे त्यातलं मीठ निघून जाईल. भुगा नको. कोंबाचं बूड माध्यमाच्या वर राहू द्या, पुरू नका. झाड काठीला घट्ट बांधा, कारण डुलणाऱ्या झाडाच्या नव्या मुळांची टोकं घासून मरतात. त्यानंतर आठ-दहा दिवस सावली आणि पानांवर सकाळी पाण्याची हलकी फवारणी, कुंडीत पाणी नाही.

एवढं झालं की मग वर बघा. छपराच्या पागोळ्या ज्या कुंड्यांवर पडतात त्या सगळ्यात आधी मरतात, त्यांना हलवा. नुसत्या शेडनेटखाली पावसाचं पाणी थेट येतं, त्यावर प्लॅस्टिक हवं. बाजू मात्र उघड्या ठेवा, वारा अडवू नका. शेडच्या ज्या टोकाला वारा शिरतो तिथली झाडं वाचतात, हे मी बघत आलो आहे. कुंड्या जमिनीवर नकोत, मांडणीवर ठेवा. जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून फायटोफ्थोरा हा कूज आणणारा रोगजंतू वर चढतो.

त्याने होणाऱ्या काळ्या कुजीची ओळख अशी: नव्या कोंबाच्या बुडाशी काळपट, पाणथळ डाग पडतो, कडेला पिवळी झाक असते आणि कोंबाचं पान ओढलं की अलगद हातात येतं. पाच-सहा दिवसांत अख्खी कांडी जाऊ शकते. दिसल्या दिवशी निरोगी भाग दिसेपर्यंत कापा आणि झाड वेगळं ठेवा. मेटॅलॅक्झिल 8 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के, लिटरला 2 ग्रॅम घेऊन फवारा. किंवा फोसेटिल अॅल्युमिनियम 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, आणि हे विद्राव्य खतात मिसळू नका. एकच औषध लागोपाठ मारू नका.

दुकानात काळी कूज म्हटलं की कार्बेन्डाझिमची पुडी पुढे येते. ते फायटोफ्थोरावर चालतच नाही, कारण तो खऱ्या बुरशींच्या वर्गातला नाही. ताम्रयुक्त औषधं डेंड्रोबियमवर मारू नका, कोंब आणि कळ्या करपतात. आणि मुळं वाढवणाऱ्या, 'बूस्टर' म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्या घेऊच नका. मूळच नसलेल्या झाडाला त्या काय वाढवणार? कुजलेल्या कुंडीत तसली बाटली ओतून पुन्हा दुसरी आणायला निघालेली माणसं बघून मला खरंच वाईट वाटतं. त्या पैशात शंभर कुंड्यांना पुरेल एवढा कोळसा येतो.

बाकीची नेहमीची कामं:

- पाणी: सकाळीच. झड असेल तर बंद.
- सावली: 50 टक्के.
- खत: वाढीला 20:20:20 (नत्र, स्फुरद, पालाश), लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही उघडीप असताना. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुवा.
- पानांवरचे ठिपके: मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम.
- गोगलगायी: रात्री बॅटरी घेऊन वेचा. मुळांची टोकं खातात.
- वाकड्या, गळणाऱ्या कळ्या: कळीतली माशी. कळ्या तोडून पिशवीत बांधून नष्ट करा, खाली टाकू नका.
- खवले कीड, पिठ्या ढेकूण: मुंग्या दिसल्या की पानाच्या बेचक्या तपासा.

सगळी डेंड्रोबियम एका मापाने मोजू नका. कापायच्या फुलांसाठी लावतात ती सदाहरित, फॅलेनॉप्सिस गटातली झाडं. त्यांना वर्षभर उबदार हवा लागते. रात्रीचं तापमान 15 अंशांखाली फार काळ गेलं तर ती पानं टाकतात. नोबिल गटातल्या झाडांना मात्र थंडीत पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते. तेव्हा नत्र आणि पाणी चालू ठेवलं तर फुलांऐवजी कांडीवर पिलं, म्हणजे छोटी रोपं, येतात. पण पावसाळ्यात कुजकी कुंडी दोन्ही गटांना सारखीच मारते.

रानातून झाडं काढून आणणाऱ्यांकडून घेऊ नका. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्स या, रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे, आणि रानातून उपटलेलं झाड बहुधा मुळं तुटलेलंच येतं.

ढग जमू लागले आहेत. सगळ्या कुंड्या एका दिवसात होणार नाहीत, म्हणून क्रम ठरवा. आधी वास येणाऱ्या, मग पागोळीखालच्या, मग ज्यांचं माध्यम भरून दीड वर्ष झालं त्या. रोज वीस कुंड्या हाताखालून गेल्या तरी चालेल. पाऊस मध्येच आला, तर उरलेल्या कुंड्या छपराखाली सरकवा, त्यांचं पाणी पूर्ण तोडा आणि उघडीप मिळाली की त्याच दिवशी पुन्हा कामाला लागा.